मजूर की हुजूर? लंडनच्या गप्पा आणि पुण्याचा धडा

जुलै २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये निवडणूक झाली, तेव्हा आमच्या वस्तीतल्या वाचनालयाबाहेर संध्याकाळच्या चहाला तोच एक विषय होता. शिष्यवृत्तीवर तिकडे शिकायला गेलेली आपली पोरं व्हॉट्सअॅपवर बातम्या पाठवत होती. एकाने जाहीर करून टाकलं, "चौदा वर्षांनी हुजूर पक्ष पडला, मजूर पक्ष आला. आता गरिबांचं राज्य!" दुसरा उसळला, "कसलं गरिबांचं? बाबासाहेबांना रिकाम्या हाताने परत पाठवलं ते याच मजूरवाल्यांनी. आपलं ऐकलं ते चर्चिलने." चहा संपला, वाद संपला नाही. पुढे काही आठवड्यांतच त्या नव्या मजूर सरकारने बहुतेक पेन्शनरांचा हिवाळ्यातला इंधनभत्ता बंद केला आणि ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी बऱ्याच जणांना तो परत दिला.

आमचं म्हणणं असं की त्या दोघांचंही अर्धंच खरं होतं. उरलेलं अर्धं समजून घ्यायला लंडनला जायची गरज नाही. तो इतिहास मोठ्या प्रमाणात आपल्या पुण्यातच घडला आहे.

पुण्यात आलेले अॅटली

२३ ऑक्टोबर १९२८ रोजी बाबासाहेबांनी सायमन आयोगापुढे पुण्यात साक्ष दिली. काँग्रेसने आयोगावर बहिष्कार घातला होता आणि साक्ष दिली म्हणून बाबासाहेबांवर भरपूर चिखलफेक झाली. त्या आयोगाच्या सदस्यांत मजूर पक्षाचे एक खासदार होते, क्लेमंट अॅटली. प्रौढ मताधिकार द्या, आम्हाला हिंदू समाजापासून वेगळा अल्पसंख्य घटक माना, ही मागणी त्या आयोगाच्या दप्तरात नोंदली गेली आहे. सतरा वर्षांनी हेच अॅटली पंतप्रधान झाले. म्हणजे १९४६ मध्ये जे घडलं, ते "त्यांना आपला प्रश्न माहीत नव्हता" म्हणून घडलं, असं कुणी म्हणू नये.

मधल्या काळात १९३२ आलं. जातीय निवाडा दिला रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी. ते मजूर पक्षाचे पहिले पंतप्रधान. पण निवाडा देताना ते मजूर पक्षात नव्हते. पक्षाने त्यांना १९३१ मध्येच काढून टाकलं होतं आणि ते हुजूर पक्षाच्या बहुमतावर उभं असलेलं राष्ट्रीय सरकार चालवत होते. मग स्वतंत्र मतदारसंघ कुणी दिले, मजुरांनी की हुजुरांनी? या प्रश्नाचं सरळ उत्तरच नाही. येरवड्याच्या तुरुंगात उपोषण सुरू झालं, २४ सप्टेंबरला पुणे करार झाला आणि लंडनने तो तातडीने मान्य केला. राखीव जागा १४८ झाल्या, पण आपला प्रतिनिधी आपणच निवडायचा अधिकार गेला. प्राथमिक फेरीत आपले लोक चार उमेदवार निवडणार आणि त्यांतून अंतिम निवड सगळे मतदार मिळून करणार, अशी ती व्यवस्था होती.

नाव सारखं, काम वेगळं

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. ब्रिटनमध्ये याच नावाचा पक्ष १८९३ पासून होता. म्हणून काही विद्वान आजही "ही तर तिकडची नक्कल" म्हणून मोकळे होतात. पण कार्यक्रम वाचा. कामाचे तास, पुरेसं वेतन, पगारी रजा, स्वस्त आणि आरोग्यदायी घरं या मागण्या कुठल्याही मजूर पक्षाच्या असू शकतात. मात्र १७ सप्टेंबर १९३७ रोजी पुण्यातल्या अधिवेशनात बाबासाहेबांनी जे विधेयक मांडलं, ते खोती नष्ट करण्याचं होतं. कोकणातल्या कुळाचा गळा धरणारा खोत लंडनच्या मजूर पक्षाला कुठून ठाऊक असणार?

आणि खुद्द मुंबईच्या गिरण्यांत काय चित्र होतं? विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. धागा तुटला की तोंडाने ओढून जोडावा लागायचा आणि त्याला विटाळ आडवा यायचा. लाल झेंड्याच्या युनियन त्यावर गप्प होत्या. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी कामगाराचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्रिटिश मजूर पक्षाच्या यादीत यातला एकच शत्रू होता. तरी त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध बाबासाहेब कम्युनिस्टांबरोबर संपात उतरले. मुद्द्यावर सोबत करायची, पण स्वतःचा झेंडा खाली ठेवायचा नाही, अशी ती रीत होती.

बेव्हरिज आणि बाबासाहेब

डिसेंबर १९४२ मध्ये ब्रिटनमध्ये विल्यम बेव्हरिज यांचा अहवाल आला. आजारपण, बेकारी, म्हातारपण यांत माणसाला आधार देणं ही सरकारची जबाबदारी, हा त्याचा गाभा. तिथलं कल्याणकारी राज्य या अहवालावर उभं राहिलं. बेव्हरिज जन्माने बंगालमधल्या रंगपूरचे आणि बाबासाहेब लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये डीएस्सी करत होते तेव्हा त्या संस्थेचे संचालक. अहवाल आला तेव्हा बाबासाहेब दिल्लीत व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते.

मार्च १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना तयार करण्याचं काम सोपवलं गेलं. ऑगस्ट १९४४ मध्ये त्यांचा अहवाल आला. एप्रिल १९४८ मध्ये राज्य कामगार विम्याचा कायदा झाला, तो याच पायावर. आज चिंचवड-भोसरीतल्या कामगाराच्या खिशात जे ईएसआयचं कार्ड आहे, त्याचं मूळ इथे आहे. सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवणारी त्रिपक्षीय परिषद, कोळसा खाण कामगारांचा कल्याण निधी, रोजगार विनिमय केंद्रं, आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी १९४६ ची दुरुस्ती, हे सगळं या चार वर्षांतलं. आणि या काळात लंडनमध्ये सरकार कुणाचं होतं? आधी चर्चिलचं, मग अॅटलींचं. तिकडे सत्ता बदलली, इकडे काम थांबलं नाही. कारण खात्याच्या खुर्चीवर आपला माणूस होता.

१९४६ चा हिशेब

२६ जुलै १९४५ रोजी मजूर पक्ष ३९३ जागा घेऊन निवडून आला. आपल्या मतदारासाठी त्यांनी खूप केलं. १९४६ मध्ये राष्ट्रीय विमा कायदा आणि ५ जुलै १९४८ पासून प्रत्येकाला मोफत वैद्यकीय सेवा. हे श्रेय त्यांना दिलंच पाहिजे.

पण त्याच सरकारची त्रिमंत्री योजना १६ मे १९४६ ला जाहीर झाली. तिने घटना समितीसाठी तीनच गट मानले: सर्वसाधारण, मुस्लिम आणि शीख. अनुसूचित जाती 'सर्वसाधारण'मध्ये ढकलल्या गेल्या. कारण काय, तर शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशन निवडणुकीत हरलं होतं. ते हरलं होतं हे खरंच. पण प्राथमिक फेरीत, जिथे फक्त आपले लोक मत देत होते, तिथे फेडरेशनची ताकद दिसली होती आणि संयुक्त मतदानात उमेदवार पडले होते. पुणे कराराने जे हात बांधले, तेच हात दाखवून लंडनचे मजूर मंत्री म्हणाले, यांच्यात ताकद नाही.

याला उत्तर पुण्यातूनच दिलं गेलं. १५ जुलै १९४६ पासून विधानसभेच्या अधिवेशनासमोर फेडरेशनचा सत्याग्रह सुरू झाला. शेकडो स्त्री-पुरुषांनी अटक करून घेतली. पुणे करार रद्द करा आणि आमच्यासाठी काय करणार ते काँग्रेसने सांगावं, हे त्यांचं म्हणणं. आज कौन्सिल हॉलवरून रोज जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे माहीत आहे?

बाबासाहेबांनी अॅटलींना पत्र लिहिलं, उत्तर नकाराचं आलं. ऑक्टोबरमध्ये ते स्वतः लंडनला गेले. अॅटलींना भेटले, चर्चिलनाही भेटले. चर्चिलनी सहानुभूती दाखवली हेही खरं. पण तेव्हा ते विरोधी बाकावर होते. ते सत्तेवर असताना, १९४२ मध्ये क्रिप्स जी योजना घेऊन आले, तिच्यातही आपल्या हक्कांची हमी नव्हतीच आणि बाबासाहेबांनी तेव्हाही तिच्यावर कडाडून टीका केली होती. विरोधात असताना कळवळा आणि सत्तेत असताना विसर, हा रोग एकट्या मजूर पक्षाचा नव्हता.

शेवटी घटना समितीचं दार कुणी उघडलं? अॅटलींनी नाही, चर्चिलनीही नाही. जोगेंद्रनाथ मंडल आणि बंगालच्या आमदारांनी बाबासाहेबांना निवडून पाठवलं.

मग आजचा सवाल

हे जुनं झालं असं वाटत असेल, तर तिकडचा समता कायदा बघा. २०१० मध्ये मजूर सरकारने तो केला, पण जात त्यात थेट घातली नाही. पुढे मंत्र्यांना वाटलं तर घालता येईल, एवढी फट ठेवली. २०१३ मध्ये संसदेने ते बंधनकारक केलं. २०१८ मध्ये हुजूर सरकारने जाहीर केलं की जात घालणार नाही, न्यायालयाचा निकाल पुरेसा आहे. मधली सगळी वर्षं तिथले आपले बौद्ध आणि रविदासिया बांधव खेटे घालत राहिले.

आणि घरचा हिशेबही मांडू. ईएसआय दहा किंवा जास्त कामगारांच्या आस्थापनेला लागू होतं. आमच्या वस्तीतली चार घरची धुणीभांडी करणारी ताई त्यात बसत नाही. ब्रिटनच्या योजनेने प्रत्येक नागरिक धरला, आपल्याकडे सुरुवात कारखान्यापासून झाली आणि आपले बहुतेक लोक आजही कारखान्याच्या फाटकाबाहेरच आहेत. बाबासाहेबांचं ते काम अर्ध्यावर आहे आणि ते पुढे न्यायचं तर ते आपल्यालाच न्यावं लागेल.

म्हणून मित्रहो, लंडनच्या गप्पा जरूर मारा. जग कळायला हवं. पण पक्ष लंडनचा असो, दिल्लीचा असो की पुणे महापालिकेतला, तो जिंकला म्हणून पेढे वाटण्याआधी त्याला एवढंच विचारा: तुमच्या योजनेच्या यादीत आम्ही कोणत्या नावाने आहोत? आणि ती यादी लिहायला आमचं कोण बसलं आहे? पुन्हा 'सर्वसाधारण' असं उत्तर आलं, तर १९४६ चा जुलै आठवा.

जय भीम! जय संविधान!