‘कृमि’ आणि ‘किरमिजी’

किड्याच्या बाल्यावस्थेस जर्मन भाषेत ‘लार्व्ह’ असा एक शब्द आहे. मूळ लॅटिन ‘लार्वा’ म्हणजे पिशाच्च, आणि पुढे मुखवटा. अठराव्या शतकात लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने तो कीटकांस लावला. अळीच्या मुखवट्याआड भावी पतंगाचे रूप दडलेले असते, ही त्यामागील कल्पना. दशावतारातील काळ्या मुखवट्याचा संकासुर पाहत वाढलेल्या पेडणेकरांस ती निराळी समजावून देण्याचे कारण नाही. परंतु आपल्या ‘कृमि’ शब्दाने घेतलेली सोंगे याहूनही नवलाची आहेत.

कृमिनाशाची सूक्ते अथर्ववेदात आहेत. इतका हा शब्द प्राचीन. मराठीत त्याचा नित्याचा व्यवहार ‘जंत’ आणि संस्कृत ‘कीट’पासून आलेला ‘कीड’ या शब्दांकडे गेला व ‘कृमि’ बहुधा ग्रंथांतच उरला. तथापि वेष पालटून तो कापडबाजारात शिरला आहे. फारसी ‘किर्म’ हा त्याचा सख्खा भाऊ. लिथुएनियन ‘किर्मिस’ही त्याच कुळातला. ओक वृक्षावरील एका कीटकापासून तांबडा रंग काढीत, त्यास अरबीत ‘किर्मिझ’ म्हणत. त्यातूनच पोर्तुगीजांचा ‘कार्मेझीं’ आणि आपला ‘किरमिजी’ निपजला. संस्कृतानेही लाखेस ‘कृमिजा’ म्हटले आहे.

पोर्तुगीजांचा तांबड्या रंगासाठी नेहमीचा शब्द ‘व्हेर्मेल्यु’. तो लॅटिन ‘व्हेर्मिक्युलुस’ म्हणजे ‘लहानसा किडा’ यापासून आला. येथे मात्र सावध राहिले पाहिजे. ‘कृमि’ आणि लॅटिन ‘व्हेर्मिस’ कानांस सारखे लागले तरी भाषाशास्त्र त्यांची मुळे भिन्न मानते. शब्दांचे कूळ वेगळे, पण त्यांमागील अनुभव एकच: किड्यापासून रंग.

डिचोली, सत्तरी व पेडणे हे प्रदेश १७८१ ते १७८८ या काळात पोर्तुगीजांकडे गेले व १९६१ मध्ये मुक्त झाले. परसत्तेची भाषा आणि आपली भाषा यांच्या सीमेवर दीर्घकाळ राहिलेल्या आम्हां गोमंतकीयांस शब्दांची जात विचारण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशापासून सावरकरांच्या भाषाशुद्धीपर्यंतचे प्रयत्न स्वत्वरक्षणासाठी झाले, याविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ‘किरमिजी’स यावनी म्हणून बाहेर काढू जाता आपण वेदांतील ‘कृमि’च्याच भावंडास घराबाहेर काढतो, हेही ध्यानी घ्यावयास हवे.

शाळेत व्युत्पत्ती शिकवावयाची ती यासाठी. शब्द कोठून आला हे कळल्यावर त्यास ठेवावयाचे की नाही हे विद्यार्थ्यास विवेकाने ठरविता येते. ते न कळता केलेली निवड म्हणजे केवळ मुखवटा पाहून माणूस ओळखल्याचा आव आणणे होय.