कुकरच्या शिट्टीचा पूर्वज

१२ एप्रिल १६८२, लंडन. रॉयल सोसायटीचे काही सदस्य एका मेजवानीस जमले होते. मासे, मांस, सारे काही फ्रेंच शास्त्रज्ञ डेनिस पापँ यांच्या बंद पात्रांत शिजले होते. कठीण हाडेही चीजसारखी मऊ झाली होती. आणि कोळसा लागला होता ८ औंसांहून, म्हणजे सुमारे २२५ ग्रॅमहून कमी! पाहुण्यांपैकी एक, जॉन एव्हलिन, यांच्या रोजनिशीत ही नोंद आहे.

कोंडलेल्या वाफेच्या दाबाने पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो, म्हणून अन्न लवकर शिजते. मात्र तीच वाफ पात्र फोडूही शकते. म्हणून पापँ यांनी वजनाने दाबून धरलेली सुरक्षा-झडप योजली. दाब मर्यादेपलीकडे गेला की वजन उचलले जाई आणि वाफ निसटे. आज रात्री घाईने लावलेल्या वरण-भाताच्या कुकरवर जी शिट्टी होते, तिच्यामागे हेच तत्त्व आहे.