स्वामित्वग्रहण (संगणकीय फायलींचे)

संगणकावरील ज्या फायलीस वा फोल्डरास हात लावण्याची परवानगी विद्यमान वापरकर्त्यास नाही, तिची मालकी विशेषाधिकाराच्या बळावर आपल्या नावे लावून घेऊन, त्या मालकीच्या आधारे प्रवेशाचे हक्क स्वतःस बहाल करण्याची क्रिया. १९९३ साली विंडोज एनटीबरोबर आलेल्या एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेत तिला जे रूप लाभले, त्याचाच विचार येथे मुख्यत्वे केला आहे. त्यापूर्वीच्या फॅट व्यवस्थेत फायलीस मालकच नसल्यामुळे हा प्रश्न उद्भवत नव्हता.

एनटीएफएसमध्ये प्रत्येक फायलीचे एक सुरक्षा-वर्णन दप्तरी असते व त्यात मालकाचा ओळख-क्रमांक आणि कोणास कशाची मुभा वा मनाई आहे हे सांगणारी प्रवेश-यादी नमूद असते. (ही यादी रिकामी असल्यास कोणासच प्रवेश मिळत नाही, यादीच नसल्यास मात्र सर्वांस मुक्तद्वार असते.) मालकी व परवानगी या दोन बाबी भिन्न आहेत, हे न उमगल्यामुळेच या विषयातील बहुतेक घोटाळे होतात. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि प्रत्यक्ष वहिवाट दुसऱ्याची, असे जमिनीच्या बाबतीत घडते, तद्वत फायलीच्या मालकासही ती उघडण्याची मनाई असू शकते. तथापि यादीत त्याचे नाव नसले, किंबहुना त्याच्याविरुद्ध स्पष्ट मनाई नोंदलेली असली, तरी ती यादी वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार त्यास सामान्यतः असतोच. स्वामित्वग्रहणाची सारी मदार या एका तरतुदीवर आहे.

मालकी घेण्याचा विशेषाधिकार प्रशासक-गटाकडे असतो. आरंभीच्या आवृत्त्यांत प्रणालीच्या नेहमीच्या खिडकीतून प्रशासकास मालकी घेता येई, परंतु ती दुसऱ्याच्या नावे परत लावता येत नसे. परिणामी एखाद्याची खासगी फाइल त्याच्या अपरोक्ष उघडणाऱ्या प्रशासकाचे वा त्याच्या गटाचे नाव मालकाच्या जागी मागे राहत असे. सत्ता देऊनही तिचा माग शिल्लक ठेवणारी ही योजना प्रस्तुत लेखकास या व्यवस्थेतील सर्वांत मार्मिक वाटते. पुढे अन्य व्यक्तीच्या नावे मालकी लावण्याची सोय झाली आणि तो माग पुसट झाला.

२००७ साली सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या विंडोज व्हिस्टापासून प्रणालीच्या महत्त्वाच्या फायली ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या सेवेच्या मालकीच्या झाल्या व प्रशासकाकडे त्यांच्या वाचनाचा व चालवण्याचाच हक्क उरला. ‘आपल्याच संगणकावर आपणांस मज्जाव’ अशी तक्रार तेव्हापासून ऐकू येऊ लागली.

नित्य आढळणारा प्रसंग जुन्या डिस्कचा असतो. बिघडलेल्या संगणकातील डिस्क नव्यास जोडली असता फोल्डराच्या ‘सिक्युरिटी’ पानावर मालकाच्या नावाऐवजी ‘एस-१-५-२१’ने आरंभ होणारा लांबलचक क्रमांक दिसतो, कारण तो ज्या खात्याचा आहे ते या यंत्राच्या दप्तरी नाहीच. अशा वेळी प्रशासकाच्या अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून प्रथम ‘टेकओन’ या आज्ञेने मालकी घ्यावी आणि मग ‘आयकॅक्ल्स’ने स्वतःस ‘फुल कंट्रोल’ द्यावा. पहिली आज्ञा यशस्वी होऊनही फाइल उघडत नाही म्हणून जे गोंधळतात, त्यांची दुसरी पायरी राहिलेली असते. संपूर्ण सी ड्राइव्हवर मात्र हा प्रयोग करू नये. त्याने प्रणालीच्या हजारो फायलींच्या परवानग्या विस्कटतात आणि त्या पूर्ववत करणे अतिशय कष्टाचे होते. ‘आयकॅक्ल्स’ला याद्या आधी जतन करता येतात खऱ्या, परंतु त्या जतनात मालकाची नोंद येत नाही, म्हणून ती वेगळी टिपून ठेवावी लागते.

युनिक्स परंपरेत ‘चओन’ ही आज्ञा मालक बदलते; तेथील रूट या सर्वाधिकारी खात्यास बहुधा परवान्यांची आडकाठीच नसल्यामुळे, केवळ वाचनासाठी त्यास मालकी घेण्याचे कारण पडत नाही.

एनटीएफएसच्याच ईएफएस या सोयीने कूटबद्ध केलेली फाइल मात्र स्वामित्वग्रहणास दाद देत नाही. मालकी बदलली, सर्व हक्क मिळाले, तरी तिचा उलगडा मूळ वापरकर्त्याच्या प्रमाणपत्राशी निगडित खासगी किल्लीनेच, अथवा आगाऊ नेमलेल्या पुनर्प्राप्ती-प्रतिनिधीच्या किल्लीनेच होतो. म्हणून जुनी डिस्क काढण्यापूर्वी ते प्रमाणपत्र किल्लीसह अन्यत्र उतरवून घेतलेले असावे लागते.