देवीची लस आणि सार्वजनिक आरोग्य (१८०२–१९७५)

लसीकरणाचा इतिहास लिहिताना शोधाच्या तारखेस जे महत्त्व दिले जाते, ते ती लस लोकांपर्यंत कशी पोचली या प्रश्नास क्वचितच मिळते. एडवर्ड जेन्नर याने १७९६ साली गोस्तनदेवीच्या फोडातील द्रव एका मुलास टोचून देवीच्या रोगापासून संरक्षण मिळते असे दाखविले व १७९८ साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. भारतातून हा रोग हटला तो मात्र १९७५ साली. साधन हाती असता मध्ये पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ का जावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिली अडचण प्रवासाची होती. समुद्रमार्गे पाठविलेली लस उष्णतेने व विलंबाने निकामी होई. अखेर व्हिएन्ना, कॉन्स्टँटिनोपल, बगदाद व बसरा या मार्गाने ती मुंबईस आली आणि १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली. हिंदुस्थानातील हे पहिले यशस्वी लसीकरण होय. तिच्या दंडावरील फोडातील लस इतर मुलांना टोचून तेथून ती देशाच्या अन्य भागांत नेण्यात आली.

ही ‘दंडावरून दंडावर’ लस नेण्याची पद्धत सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने फार दुबळी होती. टोचल्यापासून साधारणतः आठव्या दिवशी फोड पक्व होई. तेव्हाच त्यातील द्रव दुसऱ्या मुलास टोचावा लागे. म्हणजे दर आठवड्यास नवे मूल मिळाले नाही, तर साखळी तुटे. परक्या जातीच्या मुलाच्या अंगातील द्रव आपल्या मुलाच्या अंगी जावा, हे अनेकांना मान्य नव्हते. आणि आपल्या मुलाचा फोड इतरांसाठी उघडू देण्यास आईबाप राजी नसत. उपदंशासारखा रोग या मार्गाने पसरण्याचे भयही निराधार नव्हते. तेव्हा लोकांच्या विरोधास केवळ अज्ञान म्हणून बाजूस सारणे इतिहासकारास शोभणारे नाही. पुढे वासरांवर तयार केलेली लस प्रचारात आली, तेव्हा यांतील बरीच कारणे नाहीशी झाली.

१८८० च्या कायद्याने ठरावीक नगरपालिका व लष्करी छावण्या यांच्या हद्दीत मुलांचे लसीकरण सक्तीचे करता येऊ लागले, आणि प्रत्यक्ष देवीचा द्रव टोचण्याच्या जुन्या प्रथेस तेथे बंदी झाली. या प्रथेने टोचून घेणाऱ्यास संरक्षण मिळे, परंतु त्याच्यापासून शेजाऱ्यास देवी येण्याचा संभव असे. खेड्यांची भिस्त मात्र फिरत्या ‘देवी डॉक्टरां’वर राहिली. उन्हाळ्यात लस टिकत नसल्याने त्यांचे काम मुख्यतः थंडीच्या दिवसांत चाले. त्यांच्या कामाचे माप म्हणजे वर्षभरातील टोचण्यांची संख्या. कोण राहिले, हे त्या संख्येवरून कळत नसे.

मापाची ही चूक स्वातंत्र्योत्तर काळातही सुटली नाही. १९६२ साली राष्ट्रीय देवी निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा तीन वर्षांत ८० टक्के लोकसंख्येस लस टोचण्याचे उद्दिष्ट होते. उष्णतेत टिकणारी, गोठवून सुकविलेली लस आता उपलब्ध होत होती. प्रवासाची जुनी अडचण जवळजवळ संपली होती. तरीही रोग गेला नाही. शाळेतील मुले सहज सापडत, म्हणून त्यांनाच पुनःपुन्हा टोचले जाई. तान्ही बालके, स्थलांतरित मजूर आणि दाट वस्तीतील गरीब मात्र वगळले जात. एकूण आकडा फुगे, पण रोगास लागणारी माणसे त्याला मिळतच राहत.

१९७३ पासून प्रश्नच बदलण्यात आला. किती जणांना टोचले याऐवजी रोगी कोठे आहे, हे घरोघर जाऊन शोधले जाऊ लागले, आणि प्रत्येक रोग्याभोवतीच्या सर्व माणसांना लस टोचून संसर्गाची वाट अडविण्यात आली. खबर देणाऱ्यास बक्षीस ठेवण्यात आले. १९७४ साली देशात सुमारे १ लाख ८८ हजार रोग्यांची नोंद झाली व त्यांत बिहारची स्थिती सर्वांत बिकट होती. पण मे १९७५ मध्ये आसामातील करीमगंज येथे, बांगलादेशातून आलेल्या एका स्त्रीच्या रूपाने, भारतातील शेवटचा रोगी नोंदला गेला. एप्रिल १९७७ मध्ये देश देवीमुक्त असल्याचे आंतरराष्ट्रीय आयोगाने मान्य केले. या यशास काळी बाजूही आहे: काही ठिकाणी लोकांच्या इच्छेविरुद्ध, बळजबरीने लस टोचण्यात आली. यशाच्या वृत्तांतातून ती वगळणे योग्य नव्हे.

तात्पर्य, लस व्यक्तीचे रक्षण करते. समाजाचे रक्षण ती कोणापर्यंत पोचली नाही याच्या शोधावर अवलंबून असते. लसीकरणाविना केवळ शोधमोहीम विफल झाली असती, हे खरेच. परंतु शोधाविना लसीकरणही दीर्घकाळ अपुरे ठरले, हे या इतिहासाने दाखविले आहे. म्हणून आरोग्य खात्याचे जुने अहवाल वाचणाऱ्या अभ्यासकाने टोचण्यांच्या आकड्यांपाशी थांबू नये. त्या आकड्यांत ज्यांची गणनाच झाली नाही, त्यांचा शोध घेणे हे त्याचे खरे कार्य आहे.