प्रार्थना, ख्रिस्ती : मानसशास्त्रीय व सामाजिक अभ्यास

ख्रिस्ती प्रार्थनेच्या परिणामाची संख्याशास्त्रीय तपासणी इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७२ मध्ये केली. मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी (१९०२) प्रार्थनेला धर्माचा प्राण मानले. समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी (१९०९) एकांतातील प्रार्थनाही सामाजिकच असते, असे प्रतिपादन केले. अमेरिकेत हृदयशस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवरील प्रयोगात (२००६) इतरांच्या प्रार्थनेने गुंतागुंत घटल्याचे दिसले नाही. मात्र प्रार्थनेचे मोल अशा मोजमापात क्वचितच सापडते. मानवशास्त्रज्ञ टान्या लुहरमन यांचे काम अधिक मर्मग्राही आहे. शिकागो व कॅलिफोर्नियातील व्हिनयार्ड या इव्हँजेलिकल ख्रिस्ती चळवळीच्या मंडळ्यांत दीर्घकाळ वावरून त्यांनी टिपले, की काही भाविक देवासाठी कॉफीचा दुसरा कप मांडून त्याच्याशी बोलतात आणि मनात उमटणाऱ्या विचारांतून त्याचा आवाज ओळखायला सरावाने शिकतात.