गेडची सावली आणि रोकचे दार

वाङ्मयातील मांत्रिक बहुधा वृद्धच असतो. आर्थर राजाच्या कथांतील मर्लिन घ्या किंवा टोल्किनचा गँडाल्फ घ्या. पांढरी दाढी, हातात काठी आणि ओठांवर उपदेश ठरलेलाच. हा ज्ञानवृद्ध कधीकाळी उतावळा, गर्विष्ठ पोरगा असेल, तर विद्या शिकला कसा? अमेरिकन लेखिका अर्सुला ल ग्विन (१९२९–२०१८) यांना हा प्रश्न पडला आणि त्यातून १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ ही किशोरांसाठीची कादंबरी जन्मली. जादूच्या शाळेतील मुलगा आज हॅरी पॉटरमुळे घरोघरी पोचला आहे. पण पॉटरचे पहिले पुस्तक १९९७चे, म्हणजे एकोणतीस वर्षांनंतरचे.

अर्थसी हे बेटांचे जग आहे. येथे वस्तूचे खरे नाव जाणणे म्हणजे तिच्यावर सत्ता मिळविणे. म्हणूनच माणसे आपले खरे नाव जिवलगांखेरीज कोणालाही सांगत नाहीत. गाँट बेटावरील एका कारागिराचा मुलगा गेड याला तेराव्या वर्षी ओजिऑन हा गुरू खरे नाव देतो. गुरू मौन शिकवू पाहतो, शिष्याला मात्र सामर्थ्याची घाई. तो रोक बेटावरील विद्यापीठात जातो आणि एका रात्री, प्रतिस्पर्ध्याने डिवचल्यावर, मृत स्त्रीचा आत्मा बोलावण्याचे साहस करतो. जगाला पडलेल्या त्या फटीतून एक सावली आत येते. फट बुजविताना विद्यापीठाचे वृद्ध प्रमुख प्राण गमावतात. पुढे गेड प्रथम सावलीपासून पळतो, मग तिच्या पाठीस लागतो आणि अखेर भर समुद्रात तिला नावाने हाक मारतो. ते नाव त्याचे स्वतःचेच असते. येथे तो प्रौढ होतो. अनेकांना यात युंगच्या मानसशास्त्राचा प्रभाव दिसला. ल ग्विन यांनी मात्र तोवर आपण युंग वाचलाच नव्हता असे सांगितले आहे.

या मालिकेचा इतिहास पाहताना आम्हांस एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अनर्थाचे मूळ कोठे, या प्रश्नाचे उत्तर तीत टप्प्याटप्प्याने बदलत जाते. पहिल्या कादंबरीत ते एका तरुणाच्या गर्वात आहे. ‘द फार्देस्ट शोअर’मध्ये (१९७२) संपूर्ण संस्कृतीच आजारी आहे: मांत्रिक मंत्र विसरतात, गायक गाणी विसरतात, कारागिरांचे हात कसब गमावतात. कारण, मृत्यू टाळण्याच्या हव्यासाने एका मांत्रिकाने जीवन आणि मरण यांच्यामधील दार उघडे ठेवले आहे. ते बंद करताना गेडचे सारे सामर्थ्य खर्ची पडते.

यानंतर अठरा वर्षांनी, १९९० साली, ‘तेहानु’ आली. सामर्थ्य गमावलेला गेड आता दुय्यम झाला आहे. केंद्रस्थानी आहेत तेनार ही विधवा आणि आप्तांनीच अत्याचार करून आगीत टाकलेली एक मुलगी. रोकच्या विद्यापीठात स्त्रियांना प्रवेश नाही, ही गोष्ट पहिल्या पुस्तकात सहज येऊन गेली होती. आता तीच प्रश्न बनते. २००१च्या ‘टेल्स फ्रॉम अर्थसी’तील ‘द फाइंडर’ ही कथा तर रोकच्या स्थापनेपर्यंत मागे जाते. ज्या विद्यापीठाने स्त्रियांना दार बंद केले, त्याच्या पायाभरणीत स्त्रियांचा मोठा वाटा होता, असे तीत उघड होते.

अनेक वाचकांना हा बदल रुचला नाही. जुन्या कथेवर नवा विचार लादला, अशी तक्रार झाली. ‘तेहानु’तील दुष्ट पुरुष एकसुरी आहेत आणि शेवट घाईने उरकलेला आहे, हे आम्हांसही मान्य आहे. तरीही लादण्याचा आरोप पटत नाही. सावलीला आपलेच नाव देणे, हाच पहिल्या कादंबरीचा धडा होता. एका मुलाकडून अपेक्षिलेला हा प्रामाणिकपणा ल ग्विन यांनी पुढे आपण निर्मिलेल्या संस्कृतीकडून, म्हणजे पर्यायाने स्वतःकडून, मागितला. असे धैर्य लेखकांत विरळाच.

मराठी वाचकाला हा धागा आपल्याच शब्दकोशात सापडेल. ‘मांत्रिक’ या शब्दाला भीतीबरोबर विद्येचा थोडा मान आहे. ‘चेटकीण’ या शब्दात केवळ आरोप आहे. सामर्थ्य तेच, पण एकाला गुरुपरंपरा मिळते आणि दुसरीला गावाबाहेरची वाट.

म्हणून वर्गात ही मालिका शिकविताना पहिल्या पुस्तकावर थांबू नये, असे आम्हांस वाटते. केवळ गेडची कथा वाचली, तर विद्यार्थी आत्मपरीक्षणाचा पाठ घेऊन जाईल. पुढील पुस्तके वाचली, तर ज्या संस्थेत आपण शिकतो आणि शिकवितो, तिच्या दाराबाहेर कोण उभे आहे, हेही तो विचारू लागेल. या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देण्याची जबाबदारी आम्हां अध्यापकांची आहे.