माहुलीचा खंड्या आणि सागरेश्वरची हरणे

माझा भाचा 'एज ऑफ एम्पायर्स 3' हा 2005 सालचा खेळ अजून खेळतो. त्यात अमेझॉनच्या नकाशावर कॅपिबारांचे कळप चरतात. गावकरी पाठवायचे, बंदुकीने जनावर पाडायचे, अन्नाचा आकडा वाढवायचा. कळप संपला की संपला, नवे पिल्लू जन्मत नाही. ज्या व्हेनेझुएलात ईस्टरआधीच्या उपवासात कॅपिबाराला मासा मानून खाण्याची जुनी रीत आहे, तिथलेच हे जनावर. पण खेळात ते नुसते अन्न. 2007 च्या जोडभागात दख्खनचा नकाशाही आला. तिथे भारतीय बाजूला गाई मारता येत नाहीत. हा बारकावा मला मनापासून आवडला. शिकारीला मात्र मुभा आहे.

मी कऱ्हाडला इतिहास शिकवला. शिकार म्हटले की मला संगम माहुली आठवते. कृष्णा-वेण्णेच्या काठी छत्रपती शाहू महाराजांची समाधी आहे, आणि तिथेच त्यांच्या खंड्या कुत्र्याचीही. 1707 मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून साताऱ्याला आलेल्या या राजाला शिकारीचे भारी वेड. शिकारीत वाघ अंगावर येत असताना खंड्या भुंकला आणि महाराज वाचले, अशी आख्यायिका आहे. त्याबद्दल कुत्र्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाला, असे सांगतात. 1749 मध्ये महाराज गेले. खंड्याचे नाव साताऱ्यात आजही घेतात.

मला ही कृतज्ञता फार मोठी वाटते. पण वर्गात मी मुलांना नेहमी विचारायचे, रान उठवायला ढोल बडवत जे हाकारे पुढे गेले, त्यांची नावे कुठे आहेत? वाघासमोर पहिल्यांदा तेच जात. शिकारीच्या गोष्टीत राजा असतो, कुत्रा असतो, वाघ असतो, हाकारे नसतात. खेळातल्या गावकऱ्यालाही नाव नसते.

आणि रिकामे झालेले रान? त्यासाठी खाली सांगलीकडे यावे लागते. हा मुलूख साताऱ्याचाच. 1949 मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला, 1960 मध्ये सांगली. यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्र्याशेजारी सागरेश्वरचे उघडेबोडके डोंगर होते. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, झाडे लागली, बाहेरून सांबर, चितळ, काळवीट आणून सोडले. 1985 मध्ये सुमारे 11 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. माणसांनी उभे केलेले हे जंगल मला कोणत्याही गडाइतके मोलाचे वाटते.

तिथे हरणे वाढली. इतकी, की कुंपणाबाहेर येऊन ती पिके खातात आणि शेतकरी रात्री राखणीला जातात. त्यांची तक्रार खरी आहे, आणि तिचे उत्तर बंदूक नव्हे, पक्के कुंपण आणि वेळेवर मिळणारी भरपाई हे आहे. भाच्याला मी हेच सांगितले. त्याने विचारले, दख्खनच्या नकाशात अशी हरणे घालता येतील का, जी सोडून दिली तर वाढतील? मी म्हटले, घाल, आणि शेजारी शेतेही ठेव.